जादा ब्रेकची गोष्ट

ऑगस्ट १८८८. जर्मनीतील मानहाइमहून बेर्टा बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन माहेरी, फोर्त्सहाइमला निघाली. वाहन होते तिच्या नवऱ्याने, कार्ल बेंझने, बनवलेली तीन चाकी मोटार. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. तोवर मोटारीने इतका लांबचा प्रवास कोणी केला नव्हता. वाटेत उतार लागले आणि ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. बाऊश्लोट नावाच्या खेड्यात बेर्टाने जोडे शिवणारा एक कारागीर गाठला आणि ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. गाडीला मूळच्यापेक्षा चांगला ब्रेक बाहेरच्या माणसाकडून बसवून घेतल्याची आम्हांला माहीत असलेली ही पहिली घटना.

आज हाच उद्योग 'ब्रेक किट' या नावाने चालतो. मोठी डिस्क, मोठा कॅलिपर, नवे पॅड आणि नळ्या असा संच मिळतो, आणि तो बसवला की गाडी निम्म्या अंतरात उभी राहील अशी अनेकांची समजूत असते. या समजुतीची परीक्षा भौतिकशास्त्राच्या पुस्तकातूनही होते, पण इतिहासातून ती अधिक चांगली होते. कारण ब्रेक सुधारणाऱ्या प्रत्येकाला एकच अनुभव आला: एक दुबळी जागा भक्कम केली की दुसरी उघडी पडते.

चामड्याचेच पाहा. चामडे लाकडापेक्षा चांगली पकड देते, पण तापले की करपते. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड या गृहस्थांनी १८९७ साली ब्रेकच्या अस्तराचा, म्हणजे लायनरचा, धंदा सुरू केला. शेतकरी आपल्या गाड्यांच्या ब्रेकला जुने बूट लावतात, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. पुढे १९०८च्या सुमारास त्यांनी अॅस्बेस्टॉस वापरायला घेतले. उष्णतेचा प्रश्न बराचसा सुटला. मात्र झिजलेल्या लायनरची धूळ फुंकून ड्रम साफ करणाऱ्या मेकॅनिकांच्या फुप्फुसांत काय जात होते, त्याची किंमत कळायला अर्धे शतक लागले. ब्रिटनने अॅस्बेस्टॉसचा वापर पूर्ण थांबवला तो १९९९ साली.

जादा ब्रेकांची खरी बाजारपेठ उभी राहिली ती फोर्डच्या 'मॉडेल टी'मुळे. १९०८ ते १९२७ या काळात या गाड्या दीड कोटी निघाल्या. हिचा पायाचा ब्रेक चाकांवर नव्हताच. तो गिअरच्या पेटीतील एका ड्रमला पट्ट्याने आवळत असे, आणि तो जोर लांब दांडा, डिफरन्शियल आणि अर्धे आस यांतून मागच्या चाकांपर्यंत पोचे. या साखळीतली एखादी कडी तुटली की पायाचा ब्रेक संपला. मग हातब्रेक ओढायचा, पण तो मुख्यतः उभी गाडी धरून ठेवण्याच्या लायकीचा. डोंगराळ भागातील मालकांनी यावर उपाय विकत घेतला: मागच्या चाकांच्या ड्रमवर बाहेरून आवळणारे पट्टे. यांचे नावच 'रॉकी माउंटन ब्रेक'.

याच गाडीसाठी रकस्टेल नावाचा दोन वेगांचा मागचा आसही मिळे. चढावर तो फार उपयोगी. पण त्याचे दोन गिअर बदलताना मध्ये एक क्षण असा येई की इंजिन आणि चाके यांचा संबंधच सुटे, आणि पायाचा ब्रेक इंजिनाच्या बाजूला! उतारावर हा गिअर मध्येच अडकला तर गाडी मोकाट. म्हणजे चढण्यासाठी एक जादा भाग घेतला, तर थांबण्यासाठी दुसरा घेणे भाग होते. त्या दुसऱ्यातही एक खोड होती. पुढे जाताना फिरणारा ड्रम पट्ट्याला आपल्याबरोबर ओढून अधिक घट्ट करी. गाडी चढावर मागे घसरू लागली की तोच पट्टा सैल पडू पाही. खांबाला दोरीचा वेढा देऊन बैल आवरणाऱ्याला यातले शास्त्र वेगळे सांगायला नको.

आरंभीच्या बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत. पुढची चाके धरली तर गाडी वळणार नाही किंवा उलटेल, अशी भीती होती, आणि वळणाऱ्या चाकापर्यंत दांडे-तारा नेणे अवघडही होते. पण बसने ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात, तसाच गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो. मागची चाके हलकी होतात आणि लगेच घसरू लागतात. ढोबळ हिशेब केला तर केवळ मागच्या ब्रेकांनी गाडीला चारचाकी ब्रेकांच्या दुपटीहून जास्त अंतर लागते. १९१४ साली लियाँ येथे झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये प्यूजो आणि डेलाज यांच्या गाड्यांना चारही चाकांवर ब्रेक होते. आणि तरी पहिले तीन क्रमांक मागच्याच ब्रेकांच्या मर्सिडीज गाड्यांनी पटकावले. शर्यतीने विज्ञानाचा निकाल लागतोच असे नाही! पुढे १९२०नंतर चारचाकी ब्रेक पसरले, तेव्हा इंग्लंडमध्ये अशा गाडीच्या पाठीवर लाल त्रिकोण लावत. ही गाडी पटकन थांबते, मागच्याने जपून राहावे, असा त्याचा अर्थ. समोरच्याचा ब्रेक सुधारला की धोका मागच्याकडे सरकला.

आता उष्णतेकडे येऊ. हजार किलोग्रॅमची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, वेगाने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा दोन लाख ज्यूल. एकदा थांबताना एवढी उष्णता डिस्क किंवा ड्रम सहज पचवतात. पण हीच गाडी बोरघाटात सुमारे साडेपाचशे मीटर उतरते, तेव्हा चोपन्न लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कुठे तरी जायला हवी. काही हवेत जाते, गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बरीच इंजिनात जाते. उरलेली सगळी ब्रेकमध्ये. तापलेला ड्रम फुगून आतल्या शूपासून दूर जातो आणि पेडल खोल जाऊ लागते. डिस्कचे तसे नाही. ती तापून जाड झाली तरी पॅडकडेच येते, शिवाय उघड्या हवेत असल्याने लवकर निवते.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तिचे पेटंट १९०२ सालीच घेतले होते. पण तिचा दबदबा वाढला १९५३च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. तिथल्या सुमारे सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्याच्या शेवटी गाड्यांना प्रत्येक फेरीत जोरात ब्रेक मारावा लागे. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारचे चालक टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन तीनशेहून अधिक फेऱ्या मारून जिंकले. या शर्यतीत ताशी शंभर मैलांहून जास्त सरासरी वेग तेव्हा प्रथमच गाठला गेला. डिस्कचा फायदा एकदा थांबण्यात नव्हता. तीनशेव्या वेळीही पहिल्यासारखे थांबता येण्यात होता.

आमच्या एका स्नेह्यांनी जुन्या मोटारीचे पुढचे ड्रम काढून डिस्क बसवून घेतल्या, तेव्हा ही सगळी मालिका पुन्हा घडली. आधी पेडल दगडासारखे घट्ट, आणि गाडी थांबेना. कारण ड्रममधला एक शू त्या रॉकी माउंटन पट्ट्यासारखा स्वतःच ओढला जाऊन आत दाबतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही, तिला दाब अधिक लागतो. बूस्टर बसवल्यावर गाडी थांबू लागली, पण पाय काढला तरी चाके गरम राहत. दोष जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये निघाला. ड्रमसाठी नळीत थोडा दाब कायम राखणारी झडप त्यात असते. शूला मागे खेचायला स्प्रिंग असतात, म्हणून तिथे तो दाब चालतो. डिस्कचे पॅड मात्र तेवढ्यानेच घासत राहतात.

इतके करून कोरड्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबली? जवळजवळ पूर्वीएवढ्याच. जुने ब्रेकही चाके जाम करण्याइतके समर्थ होतेच, आणि त्यापुढे निर्णय टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचा असतो. घर्षणगुणांक ०.८ धरला तर ताशी ७२ किलोमीटर वेगावरून सुमारे २५ मीटर अंतर लागणारच. घाटात मात्र स्नेह्यांना फरक जाणवला.

किटमधल्या कॅलिपरचा पिस्टन मोठा असेल तर काय होते, हे वर्गात दोन सिरिंजांनी दाखवता येईल. २ मिलिलिटरची आणि १० मिलिलिटरची सिरिंज पाण्याने भरून पारदर्शक नळीने जोडा. लहानीचा दट्ट्या एका बोटाने दाबा आणि मोठीचा दट्ट्या दुसऱ्या विद्यार्थ्याला अडवायला सांगा. त्याला ते जड जाईल. पण लहान दट्ट्या पूर्ण आत गेला तरी मोठा थोडासाच सरकेल. पेडल खोल जाते ते यामुळेच. आता नळीत हवेचा एक मोठा बुडबुडा सोडून हेच पुन्हा करा. दट्ट्या आत जातो, बुडबुडा आक्रसतो आणि पलीकडचा जोर बराच उशिरा जाणवतो. ब्रेकचे काम झाल्यावर मेकॅनिक 'एअर काढतो' म्हणतो, तो हाच बुडबुडा.