पौराणिक कथांचे चमत्कारविरहित पुनर्कथन

पुराणकथेतील शाप, वरदान, देवांचे प्रकटीकरण असे अलौकिक घटक वगळून ती घडू शकेल अशा मानवी इतिहासाच्या रूपात मांडणे, यास चमत्कारविरहित पुनर्कथन म्हणता येईल. देव हे मुळात पराक्रमी राजे होते, हा विचार ग्रीक लेखक युहेमेरस याने इ.स.पू. ३०० च्या सुमारास मांडला. मेरी रेनॉल्ट या इंग्रज लेखिकेच्या ‘द किंग मस्ट डाय’ (१९५८) या कादंबरीत थीसियसची कथा याच रीतीने येते. तीत क्रीटच्या भुयारातील बैलमुखी राक्षस नाही. बैलांवरून जिवावर उदार होऊन उड्या मारणारे बंदिवान तरुण-तरुणी आहेत.

महाभारताची मराठी परंपरा

मराठीत या दृष्टीचा सर्वाधिक प्रभावी ग्रंथ इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’ (१९६७) होय. तो कादंबरी नसून लेखसंग्रह आहे. त्यास १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मानववंशशास्त्रज्ञ असलेल्या कर्वे यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सित आवृत्ती आधारास घेतली. द्रौपदीने द्यूतसभेत केलेला कृष्णाचा धावा या आवृत्तीने प्रक्षिप्त ठरविला आहे. (वस्त्रे मात्र तेथेही येतच राहतात, चमत्कार समूळ गेलेला नाही, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.) युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र असावा, ही शक्यता त्यांनी तर्क म्हणूनच मांडली. खांडववनाच्या दाहाकडे त्या अग्नीची क्षुधाशांती म्हणून पाहत नाहीत, तर जमिनीसाठी केलेला संहार म्हणून पाहतात. देव बाजूस झाला की त्या कृत्याची जबाबदारी कृष्ण आणि अर्जुन यांच्यावर येते. 

एस. एल. भैरप्पा यांच्या ‘पर्व’ (१९७९) या कन्नड कादंबरीत हीच दृष्टी पूर्णपणे कथारूप घेते. तिचा मराठी अनुवाद उमा कुलकर्णी यांनी केला आहे. येथे ‘देव’ हे हिमालयातील एका लोकसमूहाचे नाव असून पांडवांचा जन्म नियोगाने होतो.

मर्यादा

‘युगान्त’च्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाची कवचकुंडले कायम आहेत. त्यामागील अडचण खरी आहे. जन्मजात कवच नाकारले, तर इंद्राने मागावे असे काही उरत नाही आणि कर्णाच्या दानशूरतेचा सर्वांत मोठा प्रसंगच नाहीसा होतो. कवचाऐवजी साधे चिलखत कल्पिले तरी ते देताना त्याला स्वतःचे अंग सोलून काढावे लागत नाही.