हिंदुस्थानचे सभासद

एका गावाने पाहुण्याला थाटाची मेजवानी द्यावी आणि तिची पट्टी मात्र पलीकडच्या गावावर बसवावी, असे तुम्ही कधी ऐकले आहे काय? त्या पलीकडच्या गावाला साधे आमंत्रणही नसावे! श्रोतेहो, १८६७ साली लंडनमध्ये नेमके हेच घडले. तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल अझीझ विलायतेच्या भेटीस आले होते. त्यांच्या मानार्थ तिथल्या हिंदुस्थान कचेरीत नाचगाण्याचा मोठा समारंभ झाला, आणि खर्च टाकला हिंदुस्थानच्या खात्यावर. आदल्याच वर्षी ओरिसात दुष्काळाने लाखो माणसे मेली होती.

या अन्यायाविरुद्ध आवाज उठवणारे पार्लमेंटचे एक सभासद होते हेन्री फॉसेट. वय अवघे तेहतीस वर्षांचे, आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळे.

ते जन्मांध नव्हते. १८३३ साली सॉल्झबरीत त्यांचा जन्म झाला. वडील आधी कापडाचे व्यापारी, पुढे शेती करू लागले. मुलगा केंब्रिजला शिकला, गणितात चमकला. वकिली करावी आणि पार्लमेंटात जावे हा त्याचा मनसुबा. १८५८ च्या सप्टेंबरात बापलेक शिकारीला गेले. वडिलांची नजर अधू झाली होती. एक पक्षी उडाला, वडिलांनी बार काढला, आणि छर्रे मुलाच्या चष्म्यातून डोळ्यांत शिरले. दृष्टी कायमची गेली. त्या बापाच्या मनाची अवस्था काय झाली असेल! मुलाने मात्र, वडिलांचे दुःख वाढू नये म्हणूनही असेल, ठरवून टाकले की आधी जे करायचे होते तेच आता करायचे. घोड्यावर बसणे, मासे धरणे, गोठलेल्या पाण्यावरून घसरत जाण्याचा खेळ, यातले काहीच त्यांनी सोडले नाही.

१८६३ साली ते केंब्रिजला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. निवडणुकीत आधी अपयश आले. आंधळा माणूस सभागृहात काय काम करणार, अशी शंका लोकांना येणारच. १८६५ साली ब्रायटनच्या मतदारांनी त्यांना निवडून दिले.

आता हा माणूस काम कसे करी ते ऐका. शिक्षक मंडळींनी तर मुद्दाम ऐकावे. दुसऱ्याने सरकारी अहवाल वाचून दाखवायचे, यांनी ऐकायचे. आकडे डोक्यात बसत. मग सभागृहात हाती कागदाचा कपटाही न घेता हिंदुस्थानच्या जमाखर्चावर लांबलचक भाषण. हिंदुस्थानचा हिशेब चर्चेला आला की बाके रिकामी होत असत. डोळस सभासद उठून जात, आणि हा आंधळा गृहस्थ आकड्यांमागून आकडे मांडत राही.

अबिसिनियावर १८६७ साली इंग्रजांची मोहीम निघाली. फौज गेली ती आपल्या मुंबईच्या बाजूने. भांडण इंग्लंडचे, पण त्या हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थाननेच द्यायचा असे ठरले. फॉसेट यांचा विरोध तिथेही होता. सवाल एकच: ज्याला विचारले नाही, त्याने पैसे का द्यावेत? पुढे १८७१ साली पार्लमेंटने हिंदुस्थानच्या आर्थिक कारभाराच्या चौकशीसाठी समिती नेमली, तीत त्यांचा पुढाकार होता. १८७३ साली मुंबईचे नवरोजी फर्दुनजी आणि आपले दादाभाई नौरोजी या समितीपुढे साक्षीला उभे राहिले. रयतेच्या दारिद्र्याची हकिगत रयतेच्याच देशातल्या माणसांच्या तोंडून तिथे पोचली.

लोक त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणू लागले. पण हिंदुस्थानात त्यांना मत देणारा एकही मतदार नव्हता! १८७४ साली ब्रायटनला ते पडले. थोड्याच महिन्यांत लंडनच्या हॅकनी भागातून पुन्हा निवडून आले. त्यांच्या निवडणूक खर्चासाठी हिंदुस्थानातून वर्गणी गेली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मात्र उगाच देव्हाऱ्यात बसवायला नको. स्वराज्य द्या असे फॉसेट कधी म्हणाले नाहीत. इंग्रजी राज्य न्यायाने चालावे, एवढीच त्यांची मागणी. गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांचे तास कायद्याने कमी करायला तर त्यांनी विरोध केला. बाईला तिच्या कामाचा सौदा तिचा तिला करू द्या, असे त्यांचे म्हणणे. हे काही मला पटत नाही. पण खेड्यांची गायराने बडे जमीनदार कुंपण घालून गिळत होते, तेव्हा हेच आडवे आले. शेतमजुरांची पोरे शाळेत जावीत म्हणूनही ते झगडले.

१८८० साली ग्लॅडस्टन यांनी त्यांना टपालखात्याचे प्रमुख केले. अंतर्गत मंत्रिमंडळात मात्र जागा दिली नाही. गुप्त कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागतील ही अडचण सांगितली जाई. त्या वेळी टपाल बँकेत एक शिलिंगच्या खाली रक्कम घेत नसत, आणि मजुराजवळ एकदम शिलिंग कुठला? फॉसेट यांनी युक्ती काढली. एक पेनीचे साधे तिकीट घ्यायचे आणि छापील कागदावर डकवायचे. बारा तिकिटे झाली की कागद पोस्टात द्यायचा, खात्यावर शिलिंग जमा! शाळकरी पोरांनासुद्धा जमेल असा हा हिशेब. १८८३ साली पार्सल टपालही त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाले.

१८८४ च्या नोव्हेंबरात, एक्कावन्नाव्या वर्षी, केंब्रिजला ते वारले. पत्नी मिलिसंट यांनी त्यांच्या मागे पंचेचाळीस वर्षे काढली. बायकांच्या मताधिकाराची चळवळ त्यांनी चालवली, आणि १९२८ साली पुरुषांच्या बरोबरीने मत देण्याचा कायदा झालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला.