एका उताराची बखर

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात पाहुणा गेला म्हणजे त्याच्यासाठी एक दिवस ठरलेलाच असतो: भल्या सकाळी लुईझ सरोवर गाठावयाचे, ऊन तापण्यापूर्वी सूचिपर्णी वृक्षांच्या सावलीतून साडेतीन किलोमीटरांची चढण चढून अ‍ॅग्नेस सरोवराकाठच्या चहाघरात टेकावयाचे, दुपारी खाली उतरून मोटारीत बसावयाचे, आणि बो नदीच्या संगतीने सुमारे एकशेऐंशी किलोमीटर पूर्वेस येऊन, कॅल्गरी शहरातील उंच मनोऱ्यावरून, ज्या पर्वतांतून आपण सकाळी निघालो त्यांची निळसर रेघ क्षितिजावर शोधावयाची. मीही हा शिरस्ता मोडला नाही. परंतु सकाळचा पर्वत निसर्गाने घडविलेला आणि संध्याकाळचे शहर माणसाने वसविलेले, अशी जी विभागणी वाटसरूच्या मनात आपोआप होते, ती त्या मुलखाचे जुने दप्तर चाळू लागल्यावर टिकत नाही. कारण पाहण्याजोगा पर्वत आणि राहण्याजोगे शहर ही दोन्ही एकाच रेल्वे कंपनीच्या हिशेबवहीतून निघालेली भावंडे आहेत, आणि त्यांच्यामधला हा उतार त्यांच्या जन्माआधी कित्येक शतके पायी तुडविणाऱ्या लोकांना या भावंडांच्या वाटणीत फारच थोडे मिळाले आहे.

आरंभ नावांपासून करणे बरे, कारण या प्रदेशात नाव देणे हाच ताबा घेण्याचा पहिला विधी होता. १८८२ च्या उन्हाळ्यात रेल्वेच्या मोजणीदारांना शिधा पोहोचविणारा टॉम विल्सन नावाचा तरुण या खोऱ्यात तळ देऊन असता दूरवर मेघगर्जनेसारखा कडकडाट झाला. तो डोंगरावरून हिम कोसळल्याचा आवाज असल्याचे जवळच उतरलेल्या स्टोनी नाकोडा लोकांनी त्याला सांगितले, आणि त्यांच्यातील एका वाटाड्याने त्याला नेऊन, ते ज्याला लहान माशांचे सरोवर म्हणत, ते पाणी दाखविले. हिमनद्यांनी खडक दळून केलेले पीठ त्या पाण्यात तरंगत असल्यामुळे त्याला जो विलक्षण हिरवा-निळा रंग येतो, तो पाहून विल्सनने त्याचे नाव पाचूचे सरोवर ठेवले. तेही फार दिवस टिकले नाही. दोनच वर्षांनी ते नकाशावर व्हिक्टोरिया राणीची कन्या लुईझ हिच्या नावे चढले. या राजकन्येचे नाव लुईझ कॅरोलाइन आल्बर्टा. त्यांपैकी पहिला तुकडा सरोवरास मिळाला, आणि शेवटचा तुकडा तिच्या पतीने, जो तेव्हा कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता, सभोवारच्या जिल्ह्यास देऊन टाकला, जो १९०५ मध्ये प्रांताचेही नाव झाला. स्वतः राजकन्येने ना सरोवर पाहिले ना प्रांत. तिचा एक धाकटा भाऊ मात्र पुढे या मुलखात येऊन गेला, आणि त्याची गाठ आपल्याला उताराच्या पायथ्याशी पडणार आहे.

चढणीवरचे चहाघरही असेच वंशावळीचे धनी आहे. अ‍ॅग्नेस हे पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांच्या पत्नीचे नाव. तेथील पहिला निवारा १९०१ साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने बांधला, आणि १९०५ पासून तेथे चहा मिळू लागला. आजही तेथे वीज नाही. आम्ही ओसरीवरच्या बाकावर बसून धापा आवरीत होतो तेव्हा तेथे काम करणारी एक मुलगी, आमच्याच वाटेने, पाठीवर लाकडी चौकटीला बांधलेली भाजीची खोकी आणि लोण्याचे डबे घेऊन वर आली, ओझे उतरवून क्षणभर खांबाला टेकली आणि तशीच आत जाऊन चुलीवर आधण ठेवू लागली. परतीच्या वेळी तिच्याच पाठीवरून वरचा केर खाली जावयाचा होता. बाकाखाली एक पट्टेदार खार पावाचा चुरा वेचीत होती. चहा उत्तम होता, निदान आमच्या पायांच्या तेव्हाच्या अवस्थेत तसा वाटला. पण कप हातात धरून त्या निश्चल पाण्याकडे पाहताना मनात आल्यावाचून राहिले नाही, की सुमारे एकवीसशे मीटर उंचीवर, जेथे ना धान्य पिकते ना माल उतरतो, तेथे आगगाडीच्या कंपनीने लोकांना चहा पाजण्याचे मनावर का घ्यावे?

उत्तर १८८० च्या दशकातील एका करारनाम्यात आहे. सागरापासून सागरापर्यंत लोहमार्ग टाकण्याच्या बदल्यात सरकारने या कंपनीस अडीच कोटी डॉलर रोख आणि अडीच कोटी एकर जमीन इनाम दिली होती. मैदानातील जमीन विकून पैसा उभा राहणार होता, परंतु रॉकी पर्वताचा टापू म्हणजे निव्वळ खर्च, चढावर इंजिने धापा टाकणार आणि वाटेत एकही पोते चढणार नाही. ७ नोव्हेंबर १८८५ रोजी क्रेगेलाकी येथे शेवटचा खिळा ठोकला गेला तेव्हा कंपनीचा कारभार हाकणाऱ्या व्हॅन हॉर्न यांनी हेरले होते, की येथून बाहेर नेण्यासारखे काही नसेल, तर बाहेरच्या पैसेवाल्यांनाच येथे आणले पाहिजे. मग १८८८ मध्ये बॅन्फ येथे मोठे हॉटेल उभे राहिले. १८९६ साली लेफ्रॉय शिखरावर फिलिप अ‍ॅबट हा अमेरिकन गिर्यारोहक पडून मेला, तेव्हा कंपनीने अरण्यात जाण्याचे वेड कमी करण्याऐवजी १८९९ मध्ये स्वित्झर्लंडहून पगारी वाटाडे आणविले, जे गिऱ्हाइकाला दोर बांधून शिखरावर नेत आणि जिवंत परत आणीत. आपण ज्याला पदभ्रमणाची पायवाट म्हणतो ती येथे हॉटेलच्या जिन्याचाच वाढविलेला भाग आहे, असे मी म्हटले तर आमचे यजमान रागावतील. म्हणून तेथे मी ते म्हटले नाही.

बॅन्फच्या राष्ट्रीय उद्यानाची कथाही याच सुताने विणलेली. १८८३ मध्ये रेल्वेच्या तिघा कामगारांना, तेव्हा नुसती २९ नंबरची साइडिंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणाजवळ, एका गुहेत गरम पाण्याचे झरे आढळले. त्यांनी मालकी सांगितली, इतर हक्कदार पुढे आले, तंटा माजला, आणि त्यावर तोडगा म्हणून नोव्हेंबर १८८५ मध्ये सरकारने झऱ्यांभोवतीचे सुमारे २६ चौरस किलोमीटर क्षेत्र आपल्या हुकमाने राखून ठेवले, जे १८८७ मध्ये वाढून ६७३ चौरस किलोमीटर झाले. अरण्य अस्पर्श ठेवण्याची आजची कल्पना त्या हुकमामागे होती असे समजण्याचे कारण नाही. उद्यानाच्या हद्दीतच बँकहेड येथे १९२२ पर्यंत कोळशाची खाण चालत होती, आणि तिच्या धुराने कोणाचे सृष्टिसौंदर्य नासल्याची ओरड झाली नाही. बंदी आली ती शिकारीवर. शिकार हा स्टोनी नाकोडा लोकांचा छंद नसून संसार होता; ज्या खोऱ्यांतून त्यांनी विल्सनला वाट दाखविली, त्यांतच ते आता कायद्याच्या भाषेत चोर ठरले.

वर्षातून काही दिवस मात्र त्यांना आगत्याने बोलावणे येई. १८९० च्या दशकात एकदा पुराने लोहमार्ग वाहून गेला, हॉटेलातील बडे पाहुणे अडकून कंटाळले, तेव्हा त्यांचे मन रमविण्यासाठी मॉर्लीच्या राखीव वस्तीतून या लोकांना त्यांच्या घोड्यांसह आणि पोशाखांसह पाचारण करण्यात आले, असे सांगतात. त्यातून ‘बॅन्फ इंडियन डेज’ नावाचा वार्षिक उत्सव सुरू झाला तो १९७८ पर्यंत चालला. खेळ झाला की मंडळी पुन्हा हद्दीबाहेर.

आम्ही खाली उतरून गाडीत बसलो. उद्यानाच्या हद्दीत ताशी नव्वद किलोमीटरांची मर्यादा आहे, आणि ठिकठिकाणी रस्त्यावरून झाडेझुडपे लावलेले रुंद पूल गेले आहेत, ज्यांवरून अस्वले आणि हरणे महामार्ग ओलांडतात. या वाटेने मोटारी बऱ्याच उशिरा धावू लागल्या. कॅल्गरीहून बॅन्फपर्यंत मोटार येण्याची सोय झाली ती १९११ च्या सुमारास, आणि लुईझ सरोवरापर्यंत १९२० मध्ये. मधल्या काळाची एक खूण कासल पर्वताखाली आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीची प्रजा म्हणून शत्रू ठरविलेल्या, वस्तुतः बहुतांशी युक्रेनियन असलेल्या गरीब स्थलांतरितांना १९१५ ते १९१७ या काळात येथे काटेरी तारांच्या छावणीत कोंडून, दिवसाला पंचवीस सेंटांवर, याच रस्त्याचे दगड फोडावयास लावले होते. त्या पर्वताचेही नाव १९४६ साली एका सरकारी लहरीने सेनापती आयझेनहॉवर यांना बहाल झाले. स्थानिक लोक कुरकुरत राहिले आणि १९७९ मध्ये पर्वताला त्याचे जुने नाव परत मिळाले.

कॅनमोर मागे पडले, एक्सशॉचा सिमेंटचा कारखाना गेला, आणि मग काही मिनिटांतच डोंगर अक्षरशः संपले. सह्याद्रीतून देशावर येणाऱ्याला टेकड्या निरोप देण्यास दूरवर सोबत येतात. येथे तसे नाही, पर्वत भिंतीसारखा तुटतो आणि पुढे गवताच्या लाटा सुरू होतात. या गवतावर १८८१ साली सरकारने इजारे दिले: एकेका इजारदाराला लाख एकरांपर्यंत कुरण, एकवीस वर्षांच्या मुदतीने, एकरी वर्षाला एक सेंट दराने. मॅथ्यू कॉक्रन या सिनेटरने पहिला मोठा इजारा घेतला. चिनूक नावाचे कोरडे उष्ण वारे हिवाळ्यातही एका दिवसात बर्फ वितळवून गवत उघडे करतात, या भरवशावर त्याने हजारो गुरे हाकीत आणली. पण वाऱ्याने दगा दिला आणि दोन हिवाळ्यांत गुरांचे सांगाडे वसंतातील दऱ्यांत भरले. कॉक्रनच्या नावाचे गाव वाटेवर आहे.

कॅल्गरीचा जन्म याच मैदानाच्या तोंडाशी, बो आणि एल्बो या नद्यांच्या संगमावर. ब्लॅकफूट लोकांच्या भाषेतही त्या जागेचे नाव कोपर या अर्थाचेच आहे. १८७५ मध्ये व्हिस्कीच्या चोरट्या व्यापाऱ्यांना आवर घालण्यासाठी घोडदळ पोलिसांनी तेथे लाकडी ठाणे बांधले. पहिल्या अंमलदाराने त्याला स्वतःचे, ब्रिझबॉइ हे नाव दिले, ते वरिष्ठांना रुचले नाही, आणि १८७६ मध्ये कर्नल मॅक्लाउड यांनी स्कॉटलंडच्या मल बेटावरील एका समुद्रकाठच्या जागेचे नाव, समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या त्या ठाण्यास दिले. २२ सप्टेंबर १८७७ रोजी, पूर्वेस ब्लॅकफूट क्रॉसिंग येथे, सिक्सिका, कायनाई, पिकानी, त्सूटिना आणि स्टोनी नाकोडा यांच्याशी सातवा तहनामा झाला. इंग्रजांच्या समजुतीने त्या कागदावर मुलूख विकला गेला. सही करणाऱ्यांच्या वंशजांच्या सांगण्याप्रमाणे तो शांततेचा आणि जमीन वाटून वापरण्याचा करार होता. तहनाम्याची भाषा कोणाची, यावर त्याचा अर्थ ठरतो हे आपल्या इतिहासालाही ठाऊक आहे.

रेल्वेने मात्र कोणाशी वाद घातला नाही. १८८३ च्या ऑगस्टात गाडी येणार म्हणून लोकांनी एल्बोच्या पूर्वतीरावर तंबू आणि दुकाने थाटून जागा धरल्या होत्या; कंपनीने आपले स्थानक पश्चिमतीरावर, इनामात मिळालेल्या स्वतःच्या पंधराव्या चौकात बांधले आणि भूखंड विक्रीस काढले. सरकारी टपालघर पलीकडे गेले, आणि १८८४ च्या हिवाळ्यात सगळे गाव, कोणी सामान तर कोणी उभे घरच ओंडक्यांवरून ढकलीत, गोठलेली नदी ओलांडून कंपनीच्या दारात येऊन बसले. त्या लाकडी गावाला नोव्हेंबर १८८६ मध्ये आग लागली. त्यानंतर मोठ्या इमारती स्थानिक पिवळट वालुकाश्मात बांधण्याची चाल पडली, आणि १९११ सालचे घड्याळाच्या बुरुजाचे जुने नगरगृह तिची साक्ष देत आजही काचेच्या गगनचुंबी इमारतींत अवघडून उभे आहे.

आता त्या धाकट्या भावाची गोष्ट. सप्टेंबर १९१२ मध्ये, इजाऱ्यांचा काळ सरून गुराख्यांचे जीवन संपू लागले असता, गाय वीडिक नावाच्या खेळियाने चार धनाढ्य पशुपालकांच्या पैशावर कॅल्गरीत ‘स्टॅम्पीड’ हा घोडेस्वारीचा महोत्सव भरविला. मुख्य पाहुणा होता कॅनडाचा तेव्हाचा गव्हर्नर जनरल, ड्यूक ऑफ कॉनॉट. म्हणजे राजकन्या लुईझचा भाऊ, आणि हाच गृहस्थ १८८६ ते १८९० या काळात मुंबई फौजेचा सरसेनापती म्हणून आपल्या पुण्यात नांदून गेलेला. बहिणीचे नाव ज्या उताराच्या माथ्यावर, त्याच्या तळाशी भाऊ पावसात बसून खेळ पाहतो, हा योगायोग कादंबरीत घातला तर कोणी मानणार नाही. तहनाम्यातील जमातींनी सामील होऊ नये असा सरकारी खात्याचा आग्रह होता, तो वजनदार मंडळींनी रदबदली करून मोडला. मिरवणुकीत या जमातींचे लोक आघाडीला चालले, आणि अखेरच्या दिवशी सायक्लोन नावाच्या नामांकित अडेल घोड्यावर टिकून राहिलेला टॉम थ्री पर्सन्स हा कायनाई स्वार, अमेरिकेच्या तयारीच्या गड्यांना मागे सारून अजिंक्य ठरला.

मनोरा १९६८ सालचा, एकशेनव्वद मीटर उंच, रेल्वेच्याच एका पोटकंपनीने एका तेल कंपनीच्या भागीदारीत रुळांना लागून उभारलेला. आम्ही वर पोहोचलो तेव्हा पश्चिमेस पर्वतांची रेघ होती खरी, पण लक्ष खाली गेले. ज्या स्थानकाने शहर ओढून आणले त्या ठिकाणाहून बॅन्फकडे जाणारी रोजची उतारूगाडी जानेवारी १९९० मध्ये बंद झाली. म्हणूनच सकाळी आम्हांला मोटार भाड्याने घ्यावी लागली होती. रूळ मात्र भरगच्च वाहत होते. पश्चिमेकडून एक मालगाडी येत होती, एकावर एक लोखंडी पेट्या रचलेली, आणि शेजारी उभा असलेला एक मुलगा काचेला नाक लावून तिचे डबे मोजीत होता. एकशेचाळिसाव्या डब्यापाशी त्याची मोजदाद चुकली, आणि गाडीचे शेपूट तेव्हाही दिसत नव्हते.