नवटाक, पावशेर आणि काया

गिरणगावात दारू शेराच्या हिशेबाने प्यायली जात असे. नवटाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा आणि पावशेर म्हणजे चौथा. दशमान पद्धतीने शेर-छटाक वाण्याच्या दुकानातून हद्दपार केल्यानंतरही परळ-लालबागच्या अड्ड्यांवर ही मापे तग धरून राहिली, आणि अमका नवटाक मारून आला की पावशेर चढवून आला यावरून त्या रात्री चाळीच्या कोणत्या खोलीत भांडी आपटणार, याचा अंदाज बायका जिन्यातल्या पावलांच्या आवाजावरून बांधीत. सरकारदरबारीही दारूचे मोजमाप चोख होते, गॅलनांत आणि वसुलाच्या रुपयांत. पिणाऱ्याच्या शरीराने ठेवलेली खतावणी मात्र आबकारीच्या दप्तरात कधी चढली नाही.

मुंबईचे जुने मद्य माडाचे. गिरगाव, दादर, माहीम येथे ज्या वाड्यांची नावे आज इमारतींच्या पाट्यांवर उरली आहेत, त्यांपैकी कित्येक खरोखरीच नारळी-ताडांच्या बागा होत्या, आणि कमरेला कोयता अडकवून माडावर चढणारे भंडारी हे या बेटाचे मूळचे रहिवासी. इंग्रजी अमदानीच्या आरंभी शहराचा पहारा करणारी भंडारी मिलिशिया त्यांचीच. पहाटे उतरवलेली नीरा गोड व निरुपद्रवी असते. ऊन वर येते तसतशी ती आपोआप आंबून तिची माडी होते, तरी तिच्यातला मद्यार्क शेकडा चार-पाचांच्या फारसा वर जात नाही, आणि एक-दोन दिवसांत ती अशी आंबट ढाण होते की साठा करून ठेवण्याची सोयच उरत नाही. माडी पिऊन कोणाचे घर बुडाले नाही असे मी म्हणत नाही. पण तिला निसर्गाने एक मर्यादा घालून दिली होती, एवढे खरे.

ही मर्यादा भट्टीला नव्हती. १८७८ साली मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला, तेव्हा चार्ल्स प्रिचर्ड या अंमलदाराच्या देखरेखीखाली गावोगावच्या भट्ट्या मोडून मोठ्या कारखान्यांत दारू गाळण्याची, तिच्या कडकपणाच्या मानाने जकात घेण्याची आणि विक्रीचा मक्ता देण्याची पद्धत रूढ झाली, तर ताडामाडावर झाडागणिक कर बसला. पंचमहालातून आलेली मोहाची फुले उरणला पारशी भट्टीवाल्यांकडे गाळली जात, आणि तेथल्या मोरा बंदराच्या नावाने ओळखली जाणारी दारू मुंबईच्या पिठ्यांवर येई. सरकारने तिच्या कडकपणाच्या दोन प्रती ठरवल्या होत्या, पंचवीस अंडर-प्रूफ आणि साठ अंडर-प्रूफ. आजच्या भाषेत पहिलीत शेकडा सुमारे ४३ आणि दुसरीत सुमारे २३ मद्यार्क. खजिन्याच्या दृष्टीने ही व्यवस्था निर्दोष होती, कारण कारखान्याच्या दरवाजावर एक कारकून बसवला की वसूल बिनचूक होई, आणि हजारो झाडांवरच्या मडक्यांवर पाळत ठेवणे तितके सोपे नव्हते. पण माडीकडून मोहाच्या अर्काकडे लोकांना ढकलण्यात या सोयीचा वाटा होता, असे माझे मत आहे. आणि चार टक्के व चाळीस टक्के यांतला फरक कायद्याच्या कलमात लहान दिसला तरी यकृताला तो फार मोठा असतो.

त्याच सुमारास गिरण्या वाढत होत्या. पहिली गिरणी १८५४ साली स्थापन होऊन १८५६ साली ताडदेवास चालू झाली. पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, शिवडीपर्यंत धुराडी उभी राहिली. रत्नागिरी-साताऱ्याकडचा गडी बायकामुले गावी ठेवून येई, एका खोलीत दहा-पंधरा जणांत पाळीपाळीने झोपे, खानावळीत जेवे, आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी एका अंगाला व्याजवाला पठाण व दुसऱ्या अंगाला पिठा असे. कापसाच्या तुसाने कोरडा पडलेला घसा दारूने साफ होतो, ही समजूत साचेखात्यात पक्की होती. ती खोटी होती हे सांगायला कोणी गेले नाही. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, त्यातला सुधाकर वकील होता. साचेवाल्याच्या नशिबी तसा नाटककार आला नाही.

आमच्या चाळीत असे एक साचेवाले होते. आम्ही मुले त्यांना तात्या म्हणत असू. सकाळी त्यांच्या हातातली कपबशी खडखड वाजे, म्हणून काकू त्यांना चहा पितळी पेल्यात, तोही अर्धाच भरून देत. नवटाक पोटात गेली की तोच हात असा स्थिर होई की तुटलेली तार ते डोळे मिटूनही सांधतील. दारूने हात थांबतो, म्हणजे ती औषधच, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे चालताना त्यांची एक चप्पल मागे राहू लागली, आणि ती राहिली हे त्यांना कळत नसे. एकदा जिन्यावरून पडून मांडीचे हाड मोडले, तेव्हा त्यांना इस्पितळात टाकले. तिसऱ्या रात्री घामाने डबडबलेले तात्या खाटेवर उठून बसले आणि हवेत दोन्ही हात चालवीत तार सांधू लागले, धोटा बदलू लागले, जॉबरला हाका मारू लागले. वॉर्डातल्या लोकांना वाटले, भूतबाधा.

ती बाधा भुताची नव्हती. रोजच्या दारूने दबून राहण्याची सवय झालेला मेंदू, ती एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत असा उसळतो, आणि अशा अवस्थेत पुष्कळांचे हात आपला नेहमीचा धंदा करू लागतात. वेळीच उपचार न झाल्यास हा भ्रम जिवावर बेततो. चप्पल निसटत होती ती पायांचे मज्जातंतू बधिर झाल्यामुळे. पिणाऱ्याचे जेवण सुटते, पोटात गेलेले ब-१ जीवनसत्त्वही अंगी लागत नाही, आणि त्याच्या अभावी कोणाचे पाय जातात, कोणाची स्मृती जाते.

यकृताचे तर बोलायलाच नको. ते निमूट सोसणारे इंद्रिय आहे. प्रथम त्यात चरबी साठते, मग दाह होतो, मग जिवंत पेशींच्या जागी व्रणाचे घट्ट जाळे बनते, आणि तोवर बहुधा ते दुखतसुद्धा नाही. स्टेथॉस्कोप शोधणाऱ्या लाएनेकने १८१९ साली या विकाराला सिऱ्होसिस हे नाव दिले. चरकाने त्याच्या कितीतरी आधी मद्याच्या व्याधींना ‘मदात्यय’ म्हणून स्वतंत्र अध्याय दिला होता. कठीण झालेल्या यकृतातून रक्त पुढे जाईना की ते मागे तुंबते. अन्ननलिकेच्या तळाशी शिरा फुगतात आणि एखाद्या रात्री फुटून घमेलेभर रक्ताची उलटी होते. पोट घागरीसारखे फुगते आणि हातापायांच्या मात्र काड्या. वैद्य त्याला जलोदर म्हणत, लालबागेत म्हणत, ‘पोटात पाणी झालं.’ हे शब्द ऐकले की शेजारीपाजारी गावी तार करण्याची भाषा बोलू लागत.

वसुलाचा आणि रोगाचा हिशेब एकाच टेबलावर आला तो १९३७ नंतरच्या खेर मंत्रिमंडळात, कारण आरोग्य व आबकारी ही दोन्ही खाती डॉ. गिल्डर या एकाच गृहस्थाकडे होती: स्वतः हृदयरोगाचे निष्णात, गांधीजींचे वैद्य, आणि विशेष म्हणजे ज्या समाजातील अनेकांचा पिढीजात धंदा दारूचा, त्या पारशी समाजातले. १ ऑगस्ट १९३९ रोजी त्यांनी मुंबईत दारूबंदी आणली आणि बुडालेला वसूल भरून काढण्यासाठी शहरातल्या स्थावर मिळकतीवर कर बसवला. काही महिन्यांतच मंत्रिमंडळ पायउतार झाले. पुढे १९४९ चा कायदा होऊन ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण बंदी आली, आणि हेतू कितीही शुद्ध असला तरी हातभट्टीचा सुवर्णकाळ त्याच दिवशी सुरू झाला. धारावी-माहीमच्या खाडीकाठी काळा गूळ व नवसागर सडवून गाळलेली दारू मोटारीच्या ट्यूबांत भरून शहरात येई. काही बायका ती ट्यूब पोटाला बांधून, गरोदर असल्याचा आव आणून पोलिसांसमोरून जात. या दारूला ना प्रत ना प्रूफ. तिच्यात मेथिल अल्कोहोल आले की शरीर त्याचे फॉर्मिक आम्ल बनवते, आणि ते पहिला घाव डोळ्याच्या मज्जातंतूवर घालते. आधी धुके दिसते, मग काहीच दिसत नाही. बंदी सैल होऊन कैक वर्षे लोटल्यावरही, जून २०१५ मध्ये मालवणीत अशाच दारूने शंभरावर माणसे मेली.

१८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले, साचे भंगारात गेले, पिठ्यांच्या जागी बार आले. १९४९ चा कायदा मात्र रद्द झालेला नाही. त्याच्या नावातले मुंबई जाऊन महाराष्ट्र आले, इतकेच. त्यामुळे कागदोपत्री या राज्यात विलायती दारू पिणाऱ्याला आजही परवाना लागतो, ‘परमिट रूम’ ही पाटी त्यातूनच आलेली आहे, आणि त्या परवान्यावर दारू पिण्याचे कारण छापलेले असते: धारकाच्या आरोग्याचे रक्षण व जतन.