पैशाचे सोंग : रामसे भयपट, गढी आणि मराठवाड्यातील प्रेक्षक

‘सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही’ ही म्हण आपण व्यवहारात सर्रास वापरतो. रामसे बंधूंच्या अल्पखर्ची भयपटांविषयी मराठीत जे थोडेफार बोलले गेले, त्याचा आशयही या म्हणीत सामावतो. राक्षसाचे सोंग आणले. पण त्याचा मुखवटा रबराचा आहे हे मागच्या रांगेतूनही कळते. म्हणून चित्रपट फसला आणि विषय संपला. हा निर्णय चुकीचा नाही, मात्र अपुरा आहे. पैशाच्या टंचाईने या चित्रपटांत दोन गोष्टी घडवल्या. समीक्षेने त्यांतील एकच पाहिली. दुसरी लक्षात घेतल्यास लातूर-नांदेडकडच्या प्रेक्षकाचे या चित्रपटांशी असलेले नाते आणि या चित्रपटांचे खरे अपयश, दोहोंचाही उलगडा होऊ शकतो.

प्रथम निर्मितीचा इतिहास पाहू. फतेहचंद रामसे हे फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेले रेडिओ-विक्रेते. त्यांनी निर्मिलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) आपटला. पण पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरीस येतात त्या प्रसंगाला प्रेक्षक दाद देतात, हे त्यांच्या मुलांनी हेरले. त्यातून ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) जन्मला. सात भावांनी पटकथा, छायाचित्रण, ध्वनी, संकलन, निर्मिती व दिग्दर्शन ही सगळी खाती आपसांत वाटून घेतली. हा एक एकत्र कुटुंबाचा कुटिरोद्योगच होता. चित्रीकरण महाबळेश्वरला, तेथील वास्तूंतच झाले. पुढेही हाच शिरस्ता राहिला. स्टुडिओत हवेली उभारणे परवडत नसल्याने जुने बंगले, मुरूडचा नबाबी राजवाडा अशा खऱ्या, ओस पडू लागलेल्या वास्तू त्यांच्या चित्रपटांत आल्या.

टंचाईचे दुहेरी फलित ते हेच. ‘दरवाजा’ (१९७८) मधील केसाळ पिशाच्च पाहताना सोंगाचा कृत्रिमपणा क्षणभरही विसरता येत नाही. पण ते ज्या भिंतीआडून येते त्या भिंतीचा उडालेला गिलावा, जिन्याची झिजलेली पायरी, दालनातील कुबट अंधार हे सारे खरे असते. श्रीमंत चित्रपटात बहुधा याच्या उलट घडते; तेथे राक्षस खरा भासावा म्हणून भिंतही बांधून घेतली जाते. रामसेपटांत राक्षस खोटा आणि भिंत खरी आहे. त्यांची मोहिनी आणि त्यांचा दोष ही एकाच दारिद्र्याची दोन अपत्ये होत.

हे चित्रपट मराठवाड्यात कोठून आले, हेही पाहावयास हवे. चित्रपट-वितरणाच्या नकाशावर मराठवाडा दीर्घकाळ मुंबईकडे नव्हे, तर ‘निजाम’ या वितरण-क्षेत्रात मोडत आला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान संपले, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी पडद्यावरील व्यवहारात जुनी सरहद्द जिवंत होती. राज्य गेले तरी वास्तू उरते, तसेच हे. आणि त्या वास्तूचे या भागातील नाव ‘गढी’ असे आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी संपुष्टात आल्या, १९५० च्या कूळकायद्याने जमिनीवरील हक्कांची घडी बदलली. देशमुख-जहागीरदारांच्या अनेक गढ्या हळूहळू ओस पडल्या. ढासळलेला बुरूज, आत बाभळी, संध्याकाळनंतर तेथे जाऊ नये असा मोठ्यांचा दंडक, आणि माळवदावर टाकण्यासाठी लोकांनी उकरून नेलेली पांढरी माती, हे दृश्य या भागात कोणाला अपरिचित आहे? ‘पुराना मंदिर’ (१९८४) मधील हवेली पाहणाऱ्या प्रेक्षकाला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते.

हा संबंध निव्वळ दृश्यसादृश्याचा नाही. कथानके जवळजवळ ठेवून पाहिली तर एक सूत्र दिसते. ‘पुराना मंदिर’मध्ये शिरच्छेद झालेला सामरी राजाच्या वंशाला शाप देतो, त्या घरातील स्त्रिया बाळंतपणात मरतात. ‘वीराना’ (१९८८) मध्ये ठाकुराच्या घरातील मुलीच्या देहात चेटकीण शिरते. ‘बंद दरवाजा’ (१९९०) मध्ये निपुत्रिक ठकुराइन मुलासाठी काळ्या पहाडीवरील सैतानाशी सौदा करते. तिन्ही ठिकाणी राक्षस घाला घालतो तो वारशावर, म्हणजे पर्यायाने मालमत्तेच्या सातत्यावर. जे घराणे पूर्वी कधीतरी हिंसा करून सुरक्षित झाले, त्याच्याच तळघरात किंवा पेटीत ती हिंसा शिल्लक राहिली आहे, हे या चित्रपटांचे अभावितपणे उच्चारलेले सत्य आहे.

आता प्रेक्षकाच्या हसण्याचा प्रश्न. हे चित्रपट ज्यांनी जिल्ह्याच्या गावी पाहिले, त्यांना आठवेल की किंकाळी आणि हशा एकाच रांगेतून उठत असे. भरताने भयानकाचा उगम बीभत्सात मानला आहे. रामसेपट हे सूत्र अक्षरशः पाळताना दिसतात. सडलेले मांस, रक्त, चिखल यांतून ते भयाकडे जाऊ पाहतात. अभिनवगुप्ताने अनौचित्य हे हास्याचे मूळ सांगितले, आणि रसाचा आभास हास्यात परिणत होतो हे दाखवले. त्या न्यायाने येथे ‘भयाभास’ आहे, आणि हशा ही त्याची शिक्षा. परंतु मराठवाड्यातील प्रेक्षक बहुरूप्याला ओळखणारा आहे. दारी आलेला बहुरूपी खरा फौजदार नाही हे घरातील लहान मूलही जाणते. तरी त्याच्या आविर्भावाने क्षणभर दचकण्यात आणि मग हसण्यातच त्या खेळाची गोडी असते. सोंग म्हणजे फसवणूक नव्हे. तो दोघांमधील करार असतो. अमेरिकेत ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ला १९८० साली सर्वांत वाईट चित्रपटाचा किताब देणारे हसू हे वरून खाली पाहणारे हसू होते. सोंगाला हसणारा मात्र सोंगाबरोबर हसतो. हा भेद विसरल्यास ‘हास्यास्पद’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न अनुभव झाकले जातात.

येथवर या चित्रपटांची बाजू मांडली. पण त्यांचे समर्थन करण्याच्या भरात त्यांचे अपयश दृष्टिआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. अपयश मुखवट्यात नाही. ‘पुराना मंदिर’साठी त्यांना अजय (अनिरुद्ध) अगरवाल हा पेशाने अभियंता असलेला उंचापुरा नट लाभला, त्याच्या देहयष्टीनेच मुखवट्याची पुष्कळशी उणीव भरून काढली. म्हणजे पैशाचा अभाव कल्पकतेने झाकता येत होता. झाकता आली नाही ती दृष्टीची उणीव. भिंतीला जे ठाऊक आहे ते कथेला ठाऊक नसते. राजाच्या न्यायाची चिकित्सा कधी होत नाही; सामरी निखळ दुष्टच ठरतो, शेवटी जळतो, आणि वंश सुटतो. हवेलीच्या पापाची किंमत प्रत्येक वेळी स्त्रीदेहाने मोजायची आणि तो देह कॅमेऱ्याने निःसंकोच न्याहाळायचा, ही त्यांची रूढी तर गढीतील रूढीहून वेगळी नाही. मध्येच येणारे जगदीप यांचे ‘शोले’चे विडंबन भयाची वीण उसवते हा दोष त्यामानाने किरकोळ. ज्यांचे आजे गढीवर वेठीला राबले, त्या प्रेक्षकाला हा चित्रपट गढीच्या मालकासाठी घाबरावयास लावतो. हे त्याचे गंभीर अपयश होय.

तुलनेसाठी ‘झपाटलेला’ (१९९३) पाहता येईल. महेश कोठारे यांनी ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन चित्रपटाची कल्पना घेतली. पण रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुलीत तात्या विंचूला कोंडून त्यांनी टंचाईचा प्रश्नच निकालात काढला. बाहुली बाहुलीसारखी दिसली तर तो दोष कसा? येथे सोंग उघड आहे, म्हणून हास्य हा आभास न राहता रस बनते. मात्र या सुटकेची किंमतही आहे. बाहुलीबरोबर खरी भिंत गेली आणि भिंतीबरोबर इतिहास गेला.

त्याच वर्षी ‘झी हॉरर शो’ सुरू होऊन रामसेंचे भय दूरचित्रवाणीवर, म्हणजे घरात आले. एकत्र दचकणारी रांग विखुरली. मराठी समीक्षेने ग्रामीण वास्तवाचा शोध कादंबरीत घेतला, आणि तो योग्यच होता. पण ज्या वर्गाच्या हाती कादंबरी क्वचितच पडली, त्याने पडक्या गढीविषयीचे आपले भय आणि त्या भयावरचे आपले हसू तिकीट काढून कोठे अनुभवले, याची नोंद आपण केली नाही. भयपटाच्या मूल्यमापनात मुखवट्याची शिवण तपासणे सोपे आहे. त्यामागील भिंत कोणाची, ती कोणाच्या श्रमावर उभी राहिली आणि तिची माती पुढे कोणाच्या माळवदावर गेली, हे विचारणे कठीण. रामसेपटांनी ते विचारले नाही. समीक्षेनेही ते विचारले नाही, तर पैशाची टंचाई तेवढी त्यांची आणि दृष्टीची टंचाई मात्र दोघांची, असे म्हणावे लागेल.