खानदेशचा मोह आणि नाशिकची द्राक्षे : महाराष्ट्रातील वाईन पर्यटनाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रस्तावना

भुसावळ तालुक्यातील वरणगाव हे तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यातील गाव असून आयुधनिर्माणीमुळे ते सर्वपरिचित आहे. येथून सुटीसाठी नाशिककडे निघालेला प्रवासी भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, मनमाड या मार्गाने लासलगाव-निफाडच्या परिसरात पोहोचतो, तेव्हा केळीच्या बागा मागे पडून द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. गेल्या दोन दशकांत या मांडवांच्या आधाराने वायनरींना भेट, वाईनचा आस्वाद आणि द्राक्षमळ्यातील मुक्काम असे नवे पर्यटन उभे राहिले आहे. त्याचे श्रेय सामान्यतः नाशिकच्या हवामानास व उद्योजकांच्या धडाडीस दिले जाते. ते अयोग्य नाही. परंतु अपुरे आहे. कोणते पेय प्रतिष्ठेचे व कोणते गुन्ह्याचे, हे महाराष्ट्रात दीर्घकाळ कायद्याने ठरविले. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा खानदेशच्या संदर्भात आढावा घेतला आहे.

प्राचीन व्यापारमार्ग

वाईन या प्रदेशाला सर्वस्वी नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालामध्ये वाईनचा उल्लेख असून तीत इटालियन वाईनला विशेष मागणी असल्याचे नमूद आहे. नेवासे व तेर येथे सापडलेल्या रोमन मद्यकुंभांच्या अवशेषांवरून हा व्यापार दख्खनच्या अंतर्भागात पोहोचल्याचे दिसते. भडोचहून पैठणकडे जाणाऱ्या मार्गांचा काही भाग खानदेशातून जात असे. तथापि ही वाईन आयात केलेली, श्रीमंतांच्या उपभोगाची वस्तू होती. सातपुड्यातील सामान्य जनांचे पेय वेगळे होते.

अबकारी कायदा आणि मोह

सातपुड्याच्या भिल्ल, पावरा आदी समाजांच्या जीवनात मोहाच्या झाडाला मोठे स्थान आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटे गळणारी फुले वेचून वाळविली जातात. टंचाईच्या दिवसांत ती अन्न म्हणून उपयोगी पडतात, तर सण, लग्न व देवकार्य यांसाठी त्यांपासून दारू गाळली जाते. १८१८ मध्ये खानदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला. त्यानंतर मद्यावरील कर हे महसुलाचे महत्त्वाचे साधन बनले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मितीवर सरकारी नियंत्रण अधिक कडक केले. घरगुती भट्टी बेकायदेशीर ठरून मक्तेदारांच्या दुकानातील दारू विकत घेणे भाग पडले. १८९२ मध्ये इलाख्याच्या काही जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही कायद्याने निर्बंध आले. सरकारचा रोख मद्यपान थांबविण्यावर नसून त्यापासूनचे उत्पन्न आपल्याकडे वळविण्यावर होता. या व्यवस्थेत आदिवासी उत्पादक न राहता ग्राहक झाला, आणि पुष्कळदा ऋणकोही.

दारूबंदी व खानदेशातील चळवळी

या शोषणास खानदेशातूनच उत्तर मिळाले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदा परिसरात गुलाम महाराजांनी भिल्ल समाजात दारूत्यागाचा व शुचितेचा प्रसार केला. दारू सोडणे म्हणजे दुकानदार व सावकार यांच्या पाशातून सुटणे, हा त्यामागील सामाजिक आशय होता. १९७२ मध्ये शहादा येथे स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेच्या काळात आदिवासी स्त्रियांनी गावोगावी दारूच्या भट्ट्यांविरुद्ध आघाडी उघडली. जमीन व मजुरी यांच्या लढ्याइतकाच हा प्रश्न त्यांना घरातील मारहाणीमुळे निकडीचा वाटत होता.

दुसरीकडे, १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने व राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने दारूबंदीला राज्याच्या धोरणाचे स्थान दिले. पुढे महाराष्ट्रात बंदी शिथिल झाली आणि १९७३ च्या नियमांनी परवानाधारक ‘देशी मद्य’ बाजारात आले. मोहाची घरगुती दारू मात्र ‘हातभट्टी’ या नावाखाली अवैधच राहिली.

द्राक्ष प्रक्रिया धोरण

१९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे फेसाळ वाईनचा उद्योग उभारला व ती परदेशातही पाठविली. या उद्योगाची पुढे आर्थिक घसरण झाली. तथापि दख्खनच्या द्राक्षांपासून निर्यातयोग्य वाईन होऊ शकते, हे त्याने सिद्ध केले. नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या सुला वायनरीची पहिली वाईन २००० मध्ये आली.

निर्णायक वळण २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने दिले. वाईन हे मद्यापेक्षा शेतीमालावरील प्रक्रियेचे उत्पादन मानले गेले. उत्पादन शुल्कात सवलत, परवान्यांतील सुलभता आणि विंचूर (जि. नाशिक) व पलूस (जि. सांगली) येथील वाईन पार्क ही त्याची प्रमुख अंगे होत. निसर्गाची अनुकूलता होतीच. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिकच्या थंड रात्री द्राक्षांतील आम्लता टिकवितात. एप्रिलची खरड छाटणी व पावसाळ्यानंतरची फळछाटणी या पद्धतीने येथे हिवाळ्याच्या शेवटी वाईनची द्राक्षे काढणीस येतात. तापीखोऱ्यातील प्रखर उन्हाळा त्यांना मानवणारा नाही.

वाईन पर्यटनाचा उदय

२००५ मध्ये सुलाने अभ्यागतांसाठी आस्वाद कक्ष सुरू केला आणि २००८ पासून वार्षिक संगीत महोत्सव भरविला. गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी व इगतपुरीजवळील संजेगाव-कावनई येथे अनेक वायनरी उभ्या राहिल्या. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली हा उपक्रम आला. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. पायांनी द्राक्षे तुडविणे, पिंपांच्या तळघरातून फेरफटका आणि मळ्यातील निवास हे आता कौटुंबिक सहलीचेही भाग झाले आहेत. कुंभमेळ्याच्या या तीर्थक्षेत्री हे घडावे, हा सामाजिक बदल लक्षणीय आहे.

तरीही समाजाची मान्यता सार्वत्रिक नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाईन विक्रीस परवानगी देण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, तेव्हा शेतकरीहिताचा युक्तिवाद पुढे आला. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी त्यास विरोध केला.

याच काळात मोहाकडे पाहण्याची शासकीय दृष्टीही बदलली. २०२१ मध्ये मोहाच्या फुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध उठविण्यात आले. २०२२ मध्ये मोह, काजू आदींपासूनच्या मद्यास ‘देशी’ऐवजी ‘विदेशी मद्या’चा दर्जा देण्याचे ठरले. सातपुड्याच्या फुलाला प्रतिष्ठा मिळण्यासाठी कायद्याच्या भाषेत ‘विदेशी’ व्हावे लागते, ही बाब या इतिहासावर मार्मिक भाष्य करणारी आहे.

निष्कर्ष

नाशिकचे वाईन पर्यटन भूगोल, भांडवल व कायदा या तिन्हींच्या संगमातून घडले. द्राक्षबागायतदार संघटित व बाजाराशी जोडलेला होता. म्हणून त्याच्या मालाला ‘प्रक्रिया उद्योगा’चे नाव मिळाले. मोह वेचणाऱ्या आदिवासीस असा आवाज नव्हता. म्हणून त्याची परंपरा शतकाहून अधिक काळ अबकारी खात्याच्या नोंदींत गुन्हा म्हणून उरली. मात्र मोहाला नाशिकचा कित्ता गिरवू देणे, हा या प्रश्नावरील सरधोपट उपाय ठरत नाही. तळोद्यातील दारूत्याग आणि शहाद्यातील स्त्रियांचा लढा हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. मोहाच्या नव्या धोरणाचा विचार करताना नफा फुले वेचणाऱ्या हातांपर्यंत पोहोचतो काय आणि त्या घरातील स्त्रीचे मत विचारात घेतले जाते काय, या दोन कसोट्या खानदेशच्या इतिहासाने घालून दिल्या आहेत.