जुना प्रिंटर, नवे नेटवर्क आणि मधला दुभाषी

मागच्या उन्हाळ्यात रिद्धपूरला एका कार्यालयात मला संशोधन आराखड्याची चार पाने छापायची होती. कोपऱ्यात धडधाकट डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता, पण माझ्या लॅपटॉपला जोडायला वाटच नाही. तिथले काका म्हणाले, "भाऊ, मशीन चांगलं हाये, पन आता त्याच्याशी कोनी बोलतच नाई."

हे वाक्य डोक्यात राहिलं. प्रश्न वायरचा आहे की भाषेचा?

आधी इतिहास बघू. १९७० मध्ये सेंट्रॉनिक्स कंपनीने आणलेल्या समांतर जोडणीत आठ तारांवरून एकाच वेळी आठ बिट जात. एक संगणक, एक प्रिंटर, मध्ये जाड केबल. प्रिंटरला पत्ता नव्हता, कारण गरजच नव्हती. पुढे युनिक्समध्ये एक संगणक सगळ्यांची कामे रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवू लागला. त्या पद्धतीचे नियम १९९० मध्ये आरएफसी ११७९ म्हणून नोंदले गेले. १९९१ मध्ये एचपीच्या जेटडायरेक्ट कार्डामुळे प्रिंटरलाच नेटवर्कवर पत्ता मिळाला. १९९९ च्या आयपीपी प्रोटोकॉलमध्ये संगणक प्रिंटरला विचारू लागला: तुला काय काय जमतं? काम कुठवर आलं?

आपल्यासाठी मात्र आणखी एक अडचण होती. अशा प्रिंटरच्या स्मृतीत रोमन अक्षरांचे आकार भरलेले असत, देवनागरीचे नव्हे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरलं. आज आपण युनिकोडमध्ये लिहितो. तो मजकूर जसाच्या तसा त्या प्रिंटरकडे पाठवला, तर कागदावर कचराच येतो.

माझंही तेच झालं. एका छोट्या संगणकाला यूएसबी-समांतर केबल लावली, त्यावर कप्स बसवलं आणि प्रिंटर वायफायवर दिसू लागला. पहिलं पान मात्र चिन्हांचा गोंधळ! मी ड्रायव्हर न निवडता 'रॉ' रांग ठेवली होती. नऊ पिनांचा एप्सन ड्रायव्हर निवडल्यावर कप्सने पानाचं ठिपक्यांच्या चित्रात रूपांतर केलं आणि कर्रकर्र करत मराठी उमटली. हळू, पण स्वच्छ. म्हणजे वायर लागतेच, पण खरं काम दुभाष्याचं.

आणखी एक फायदा. जुन्या यंत्राला पासवर्ड, एन्क्रिप्शन काही कळत नाही. मधला संगणक असला, की कुणाला छापू द्यायचं हे तिथेच ठरवता येतं.

रिद्धपूर ही महानुभावांची भूमी. त्यांच्या पोथ्या सकळ लिपीत आहेत: भाषा मराठीच, पण अक्षरांच्या जागी दुसरी चिन्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी ती उलगडली, तोवर बाहेरच्या अभ्यासकाला पोथी हातात असूनही वाचता येत नव्हती. पोथी शाबूत होती, किल्ली हाती नव्हती.

संशोधनाला लागणाऱ्या मित्रांनो, आपल्या डेटाचंही असंच होतं. फाइल उरते, पण ती उघडणारं सॉफ्टवेअर जातं. म्हणून आजच प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाइल ठेवा: कोणतं उपकरण, कोणती आवृत्ती, कोणता फॉरमॅट, कोणती एककं. पाच वर्षांनी प्रबंध लिहिताना ती किल्ली तुम्हालाच लागणार आहे.